परसात टर्फ टाकायचंय, पण जमीन काळी आहे. अनुभवी मंडळी, बोला

परसातला पंच (१६ फेब्रुवारी, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आता गरज पडली म्हणून धागा काढतोय.

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमचा जुना बंगला आहे. मागच्या परसाची जागा मोजली तर भरते २४ फूट बाय ५२ फूट. आंब्याचं झाड वादळात पडल्यापासून जागा मोकळी, तिथे आईची वाळवणं आणि पोराचं क्रिकेट आळीपाळीने चालतं. पोरगा बारा वर्षांचा, मुलगी पंधराची. तिला बॅडमिंटनचं वेड. पावसाळ्यात चार महिने तिथे पाय ठेवता येत नाही, चप्पल चिखलात राहते आणि पाय पुढे जातो.

तर डोक्यात आलं की सगळ्या जागेवर हिरवं टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, टाकावं, बाजूने जाळी लावावी, म्हणजे क्रिकेट, बॅडमिंटन, थोडंफार फुटबॉल असं सगळंच होईल. दोन जण येऊन बघून गेले. एकाने सगळं धरून चौरस फुटाला १८५ रुपये सांगितले, दुसऱ्याने ११०. दोघंही '४० एमएम देतो साहेब, एक नंबर' म्हणाले, म्हणजे गवताच्या केसांची लांबी. एवढा फरक कशाचा, ते दोघांनाही सांगता आलं नाही.

खाली दोन फुटांपर्यंत काळी माती आहे. फसगत होण्याआधी विचारलेलं बरं.

लिंबूटिंबू (१७ फेब्रुवारी, सकाळी ८.०५)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आम्हा फ्लॅटवाल्यांना 'परस' हा शब्द वाचूनच भरून आलं.

जुनी मॅट (१७ फेब्रुवारी, सकाळी ९.३०)

पंचसाहेब, आधी एक अवांतर. आमच्या वेळी मुंबईच्या मैदानांवर 'टर्फ विकेट' म्हणजे खरी मातीची, रोलर फिरवलेली, गवत राखलेली खेळपट्टी. आम्ही शाळकरी पोरं मॅटिंगवर खेळायचो, म्हणजे खाली सिमेंट किंवा माती आणि वर काथ्याची चटई खिळ्यांनी ताणलेली. टर्फवर खेळायला मिळालं की घरी येऊन सांगायचो. आता नातू 'टर्फवर चाललो' म्हणतो आणि प्लास्टिकवर जातो. एका पिढीत शब्दाने पूर्ण कोलांटी मारली.

हे सांगायचं कारण, तुम्हाला दाखवलेलं ४० एमएम हे फुटबॉलच्या घराण्यातलं गवत आहे. बॉक्स क्रिकेटवाले तेच टाकतात, कारण त्यांना संध्याकाळी सात ते आठ क्रिकेट आणि आठ ते नऊ फुटबॉल असे तास विकायचे असतात. त्यावर टेनिस बॉल टाकून बघा. निम्मा जीव गवतातच जातो आणि चेंडू गुडघ्यावर येत नाही. पोराला बॅकफूटवर खेळायला शिकवायचं असेल तर उसळी हवी, आणि उसळी गवतातून येत नाही, खालच्या कडक जमिनीतून येते. क्रिकेटसाठी ९ ते १२ एमएमचं घट्ट विणीचं कार्पेट मिळतं, ते काँक्रीटवर अंथरतात. आमच्या काथ्याच्या मॅटचाच नातू.

शिवाय तुमच्याकडे ५२ फूट आहेत. दोन्ही स्टंपांतलं अंतर २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट. पूर्ण पिच बसत नाही. थ्रोडाऊनची, म्हणजे जवळून हाताने चेंडू टाकून सराव करायची, नेट मात्र झकास बसेल.

चाफेकळी (१७ फेब्रुवारी, दुपारी १.१५)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे मुलीच्या बाजूने बोलते. बॅडमिंटन कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटर, म्हणजे ४४ बाय २० फूट. कागदावर तुमच्या जागेत बसतं. पण दोन्ही बाजूंना दोन-दोन फूटच उरतात, तिथे पाइप आणि जाळी. पोरगी मागे धावत कोपऱ्यात लंज मारेल आणि थेट खांबावर आदळेल.

दुसरं, बॅडमिंटनच्या बुटाला थोडं सरकून थांबायला लागतं. लांब केसांच्या गवतात बूट रुततो, पाय थांबतो आणि वरचं शरीर वळतं. हा वळसा गुडघ्याने आणि घोट्याने सोसायचा असतो. माझ्याकडे टर्फवर पाय मुरगळून येणारी मंडळी काही कमी नाहीत, आणि त्यात पंचविशीतल्यांपेक्षा 'ऑफिसची मॅच होती' म्हणणारे चाळिशीतले जास्त.

आणि उघड्यावर शटल वाऱ्याने कुठे जाईल ते तुम्हाला माहीतच आहे. तिला हॉलमध्येच पाठवा.

परसातला पंच (१७ फेब्रुवारी, रात्री १०.२०)

बापरे. म्हणजे माझ्या तीन खेळांतला एक आजच गेला. मुलीला वाचून दाखवलं, ती म्हणाली, 'मी हेच सांगत होते, पण ताईंनी लिहिलं म्हणून पटलं.'

वाळवंटी वडा (१८ फेब्रुवारी, पहाटे ५.५०)

मी फिनिक्स, अ‍ॅरिझोनाला असतो. इथे पाणी महाग आणि ऊन फुकट, त्यामुळे गल्लीत दर तिसऱ्या घराच्या बॅकयार्डात नकली गवत. माझ्याकडे सहा वर्षं आहे.

ऊन हा मोठा विषय आहे, विक्रेता तो कधीच काढत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात इथे सलग ३१ दिवस पारा रोज ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सियस, किंवा त्याहून वर गेला. पण साध्या ३५-३६ अंशांच्या दुपारीही गवताचा पृष्ठभाग सहज ६० च्या पुढे जातो, कारण खरं गवत पाणी सोडून स्वतःला गार ठेवतं, प्लास्टिक नुसतं तापतं. पाइपने पाणी मारलं की गार होतं, पण अर्ध्या तासात पुन्हा तवा. आमची पोरं जूनमध्ये संध्याकाळी सातनंतरच उतरतात, तीही बूट घालून. गवताच्या केसांमध्ये भरण म्हणून टायरचा काळा रबरचुरा टाकलात तर आणखी तापेल. घरासाठी नुसती सिलिका वाळू पुरे.

आणि एक मजेशीर नुकसान. माझ्या गवतात एके दिवशी दीड फुटाचा वितळलेला पट्टा दिसला, इस्त्री ठेवल्यासारखा. कुणी सिगारेट टाकली म्हणून मी घरच्यांवर डाफरलो. निघालं काय, तर शेजाऱ्यांनी नवीन लो-ई (उष्णता परतवणाऱ्या) काचा बसवल्या होत्या, त्यांवरून परावर्तित झालेलं ऊन दुपारी तीन वाजता नेमकं तिथे एकवटायचं. तुमच्या मागे काचेच्या दर्शनी भिंतीची इमारत असेल तर बघून ठेवा.

खणण्याआधी खालून काय गेलंय ते तपासा. इथे ८११ ला फोन केला की कंपन्यांची माणसं येऊन गॅस, पाणी, विजेच्या लाइनी रंगाने आखून देतात. नाशिकला तुम्हालाच आठवावं लागेल.

रानवाट (१८ फेब्रुवारी, सकाळी ११.००)

कुणीच म्हणत नाही म्हणून मी म्हणते. उघडी माती आहे, पाऊस मुरतोय, गांडुळं आहेत, ती झाकून वर प्लास्टिक? युरोपीय महासंघाने २०२३ मध्ये मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर नियम केला आहे, त्यात मैदानांतला रबरचुरा येतो. त्याला आठ वर्षांची मुदत आहे, म्हणजे २०३१ पर्यंत. आणि आठ-दहा वर्षांनी हे गवत झिजलं की टाकणार कुठे? वरचे केस एका प्लास्टिकचे, पाठ दुसऱ्या, त्यावर लेटेक्स. भंगारवालाही घेत नाही.

जुनी मॅट (१८ फेब्रुवारी, दुपारी १२.१०)

रानवाटताई, बरोबर आहे. पण पोरं मोबाइल सोडून घामाघूम होणार असतील तर थोडं माफ करा.

अवांतर पुन्हा: हे गवत गाजलं तेच खरं गवत मेलं म्हणून. ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोमला छत होतं, छतातून येणाऱ्या झगमगाटात खेळाडूंना उंच गेलेला चेंडू दिसेना, म्हणून छताचे पारदर्शक पत्रे रंगवले, आणि ऊन तुटल्यावर गवत वाळलं. मग १९६६ मध्ये तिथे प्लास्टिक अंथरलं, तेच अ‍ॅस्ट्रोटर्फ. आपल्याला त्याचा दणका दहा वर्षांनी बसला. १९७५ चा हॉकी विश्वचषक आपण गवतावर जिंकलो, आणि १९७६ ला माँट्रियल ऑलिंपिकमध्ये कृत्रिम मैदानावर सातवे आलो. त्या दिवशी आमच्या घरी रेडिओ बंद करून वडील गॅलरीत जाऊन उभे राहिले होते.

खडीवाला (१८ फेब्रुवारी, रात्री ९.४५)

धागा उशिरा पाहिला. मी सिव्हिलची कामं घेतो, त्यात पाच-सहा टर्फचे बेस केले आहेत. गवत मी विकत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

११० आणि १८५ मधला फरक गवताचा नाही, जमिनीखालचा आहे. ११० वाला तुमच्या काळ्या मातीवर चार इंच मुरूम पसरून, वर कच (दगडाचा बारीक चुरा) मारून गवत चिकटवून जाईल. मे महिन्यात गालिच्यासारखं दिसेल, तुम्ही फोटो टाकाल. जुलैत काळी माती पाणी पिऊन फुगेल, पुढच्या मार्चमध्ये आकसून भेगाळेल. आपल्याकडच्या भेगांत पोराचा हात मनगटापर्यंत जातो. वरचं गवत त्या सगळ्या चढउतारावर बसलेलं असतं, त्याला लाटा येतात आणि सांधे उकलतात. अशी एक जागा मी स्वतः उचकटली आहे. मालक बिचारे गवताच्या कंपनीला शिव्या देत होते, गवताचा काडीचा दोष नव्हता.

म्हणून काळी माती काढायची. निदान एक फूट, जमलं तर दीड. तुमचं क्षेत्र १२४८ चौरस फूट, एक फूट खणलं की साडेबारा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). उकरल्यावर माती सुटी होऊन वाढते, पंधरा-सोळा ब्रास धरून चाला. आणि मागे जेसीबी जातो का? बंगल्याच्या बाजूने सात-आठ फूट मोकळे नसतील तर जाणार नाही, मग छोटी मशीन नाहीतर माणसं. तिथेच हिशोब बदलतो. माती मात्र फेकू नका, नर्सरीवाले आनंदाने नेतात.

मग मुरूम, पण सहा-सहा इंचांच्या थरांत. प्रत्येक थराला पाणी मारायचं, एक रात्र मुरू द्यायचं, मग रोलर. रोलर आत जात नसेल तर प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने मिळतो. कडेला आणि कोपऱ्यात हातातली धुमस. 'एकदम भरून एकदम दाबतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा, त्याचा वरचा तीन इंच दबतो, खालचा पोकळ राहतो.

उतार शंभराला एक. २४ फुटांच्या बाजूने दिलात तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साधारण तीन इंच. डोळ्याला दिसत नाही, पाण्याला कळतो. खालच्या कडेला जाळी लावलेली नाली. उतार घराकडे देऊ नका हे सांगायची गरज नसावी, पण मी पाहिलेला आहे.

क्रिकेटच हवं असेल तर जुनी मॅट म्हणतात तसं मुरुमावर चार इंच काँक्रीट, आणि ते ओलं असतानाच किंवा दुसऱ्या दिवशी कापून जॉइंट द्यायचे, म्हणजे तडा गेलाच तर कापलेल्या रेघेत जातो. एक आठवडा तरी पाण्याखाली ठेवा. पूर्ण वाळल्याशिवाय गोंद लावू देऊ नका, ओल अडकली की फुगे येतात.

आता रोलचं गणित, ते कुणी सांगत नाही. गवत २ किंवा ४ मीटर पन्ह्यात येतं. तुमची रुंदी ७.३ मीटर. ४ चे दोन पट्टे घेतले तर एकच सांधा, पण ११७ चौरस फूट कापून वाया, आणि त्याचे पैसे तुमचेच. २ चे चार घेतले तर वाया तेवढंच, सांधे मात्र तीन. सगळ्या पट्ट्यांचे केस एकाच दिशेला हवेत, नाहीतर अर्धं अंगण गडद आणि अर्धं फिकट दिसतं. रोल आदल्या दिवशी उन्हात उलगडून ठेवायचा, त्याच्या वळ्या जातात. सांध्याखाली टेप आणि पीयू (पॉलीयुरेथेन) गोंद. दोन पट्ट्यांत फट दिसली तर वाळू टाकून झाकू देऊ नका.

लिंबूटिंबू (१८ फेब्रुवारी, रात्री १०.०२)

खडीवाल्यांना दंडवत. वाचनखूण साठवली. आता फक्त बंगला घ्यायचा बाकी आहे.

कोकणी फणस (१९ फेब्रुवारी, सकाळी ७.३०)

रत्नागिरीहून. आमच्याकडे जांभा, त्यामुळे फुगण्याचा त्रास नाही, पण शेवाळ! झाडाखालच्या सावलीत जुलैपासून गवतावर हिरव्यावर हिरवं चढतं, कळतसुद्धा नाही. भाऊ धाव घ्यायला गेला नि थेट विहिरीच्या कठड्याशी जाऊन थांबला. आठवड्यातून एकदा कडक खराट्याने केसांच्या उलट दिशेने झाडायचं. पानं कुजू द्यायची नाहीत.

आणि घुशी. बेसच्या कडेला विटांची किंवा काँक्रीटची पाळ खोलवर घाला, नाहीतर मुरुमात बीळ करून त्या आत संसार मांडतात. वर गवत मऊ लागायला लागलं की समजायचं.

परसातला पंच (१९ फेब्रुवारी, रात्री ११.१५)

सर्वांचे आभार. आज घरी बैठक झाली. आईने एकच प्रश्न विचारला: 'प्लास्टिकवर कुरडया वाळत घालायच्या का?' मी म्हटलं वर कापड अंथरू. ती म्हणाली, 'खालून वास येईल तो?' रबरचुऱ्याचा नमुना कंपनीवाल्याने पिशवीत दिला होता, तो तिने उन्हात ठेवून मला हुंगायला लावला. नवीन टायरच्या दुकानात उभं राहिल्यासारखं वाटलं.

खडीवाले, बाजूचा बोळ पाच फुटांचा आहे. जेसीबी जात नाही. आणि आज आठवलं, ड्रेनेजची दोन चेंबरं त्याच परसात आहेत.

खडीवाला (२० फेब्रुवारी, सकाळी ६.५०)

मग साहेब, सगळं अंगण कशाला झाकता? बॅडमिंटन गेलं. फुटबॉल पोरगा खेळतो की तुम्हालाच वाटतं खेळेल? मधोमध नको, एका कडेला १० फूट रुंद, ५२ फूट लांब पट्टा करा. खोदकाम साडेबारा ब्रासवरून पाच-सव्वापाच ब्रासवर येतं, ते माणसं आठवड्यात करतात. ४ मीटर पन्ह्याचा एकच रोल, सांधाच नाही. चेंबरं पट्ट्याच्या बाहेर ठेवा. उरलेले १४ फूट आईंचे.

रानवाट (२० फेब्रुवारी, सकाळी ९.१०)

खडीवाले, तुम्हाला माझ्याकडून एक कुरडई.

चाफेकळी (२० फेब्रुवारी, दुपारी २.००)

जाळीचं विसरू नका. साधं नायलॉन उन्हात दोन वर्षांत कडक होऊन तुटतं, यूव्हीचं, म्हणजे उन्हाला टिकणारं, एचडीपीई प्लास्टिक घ्या. वरूनही जाळी हवी, नाहीतर शेजारच्यांशी संबंध बिघडतील. आणि दिव्यांचा झोत कुणाच्या बेडरूममध्ये जाणार नाही हे आधीच बघा. आमच्या मागचा टर्फ रात्री अकरापर्यंत चालतो, 'कॅच! कॅच!' ऐकत आम्ही झोपतो.

परसातला पंच (८ जून, संध्याकाळी ७.२०)

मंडळी, धागा वर काढतोय, कारण काम झालं.

१० बाय ५२ चा पट्टा केला. दीड फूट खणलं, त्यात जुन्या आंब्याची बैलाच्या मांडीएवढी मुळी निघाली, ती काढण्यात दोन दिवस गेले. माती नर्सरीवाला स्वतःच्या टेम्पोने घेऊन गेला. मुरूम तीन थरांत. गवंडी लेव्हल ट्यूब घेऊन आला तेव्हा पोराने एक टोक धरलं. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना आपोआप एका रेषेत येतं हे बघून त्याला पुस्तकातल्यापेक्षा जास्त विज्ञान कळलं, मग त्याने ट्यूब सोडायलाच नकार दिला, अख्ख्या घराची लेव्हल काढली. स्वयंपाकघर एका कोपऱ्यात पाऊण इंच खाली आहे. ही माहिती आम्हाला नको होती.

काँक्रीट एप्रिलच्या शेवटी, चौदा दिवस गोणपाट टाकून पाणी. कार्पेट ११ एमएम, मेच्या शेवटी, मधल्या अवकाळीने तीन दिवस थांबावं लागलं. रोलची कापलेली तीन फुटी पट्टी जाळीच्या बाहेर चालायला टाकली. सगळं मिळून दीड लाखाच्या आत बसलं, त्यातला मोठा वाटा पाइप आणि जाळीचा. पूर्ण अंगणाचं पहिलं कोटेशन दोन लाख तीस हजारांचं होतं.

टेनिस बॉल पोराच्या छातीपर्यंत येतो. पहिल्याच दिवशी त्याने तीनदा डोळे मिटले. आईने उरलेल्या जागेत यंदा कुरडयांबरोबर सांडगेही घातले, जाळीमुळे कावळे अर्ध्या बाजूने येत नाहीत म्हणते. मुलीला हॉलमध्ये घातलं.

काल पहिला मोठा पाऊस झाला. पाणी नालीकडे गेलं, पण बॅट्समनच्या बाजूला, ऑफ स्टंपच्या जरा बाहेर, परातीएवढं डबकं राहतंय. खडीवाले, हे उचकटावं लागेल का?

खडीवाला (८ जून, रात्री ८.०५)

पाऊस थांबल्यावर एक तास थांबा. मग डबक्यात रुपयाचं नाणं आडवं ठेवा. पूर्ण बुडालं तर कार्पेट उचलून तेवढं भरून घ्यावं लागेल. नाही बुडालं तर हात लावू नका.

परसातला पंच (९ जून, सकाळी ७.४५)

बुडत नाही. वरचा सिंह कोरडा.

जुनी मॅट (९ जून, सकाळी ८.१०)

मग राहू द्या. मुंबईच्या पावसाळी कांगा लीगमध्ये आम्ही अशाच जागेवर टप्पा टाकायला अख्खी ओव्हर घालवायचो.